‘बायकांचा मेंदू भाषेसाठी दोन्हीकडून चालतो, पुरुषांचा एकीकडूनच’ – विज्ञान दिनाच्या पोस्टरवर हे लिहावं का?

गिरणाकाठ
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला अकरावी-बारावीच्या वर्गासाठी ‘मेंदू, भाषा आणि मनातली चित्रं’ असा कोपरा मांडायचा आहे. ३० मुली, ३० मुलं. निम्म्याहून जास्त घरांत अहिराणी, काही घरांत पावरी आणि गुजरी. तयार पोस्टरमध्ये मेंदूची दोन चित्रं आहेत. पुरुषाच्या चित्रात डावीकडे एक लाल ठिपका, बाईच्या चित्रात दोन्हीकडे, आणि खाली शीर्षकातलं वाक्य. हे वाक्य छापण्याजोगं आहे का? आणि एमआरआयशिवाय वर्गात काय करून दाखवता येईल? हाताशी १० हेडफोन, प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि गावात चांगला सुतार आहे.

वाचाप्रवाह
सर, ते चित्र कुठून आलं ते आधी बघू. १९९५ साली येल विद्यापीठातल्या शेविट्झ यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. उजव्या हाताने काम करणारे १९ पुरुष आणि १९ स्त्रिया. कामं तीन प्रकारची: अक्षरं ओळखणं, यमक जुळतं का सांगणं, अर्थाचा गट सांगणं. यमकाच्या कामात पुरुषांमध्ये कपाळामागचा खालचा भाग डावीकडे जास्त चेतला, स्त्रियांमध्ये दोन्हीकडे. पण हे दोन्हीकडे चेतणं १९ पैकी ११ स्त्रियांतच स्पष्ट होतं. उरलेल्या ८ जणींचं चित्र पोस्टरवाल्याने काढलेलंच नाही!

पुढे १९९९ मध्ये फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी ५० पुरुष आणि ५० स्त्रिया घेऊन शब्दार्थाचं काम दिलं. दोघांतही भाषा ठळकपणे डावीकडे. २००४ मध्ये सोमर यांनी तोवरचे प्रयोग एकत्र मोजले, ३७७ पुरुष आणि ४४२ स्त्रिया. डाव्या-उजव्याच्या वाटणीत ठरण्याजोगा फरक निघाला नाही.

वाचोपचाराच्या खोलीतला पुरावा मला याहून मोठा वाटतो. बाईची भाषा खरंच दोन्हीकडे सारखी असती, तर डाव्या मेंदूला झटका आल्यावर बायकांची वाचा बहुतेक वेळा शाबूत राहायला हवी होती. तसं होत नाही. १८६०च्या दशकात फ्रेंच डॉक्टर ब्रोकांनी दाखवलेली भाषेची डावी बाजू स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते. उजव्या हाताच्या माणसाची वाचा उजव्या मेंदूच्या झटक्याने जाणं दोघांतही दुर्मिळच. वाक्य छापू नका.

शिरपूरकर
थोडा विरोध नोंदवतो. ‘फरक नाही’ असं सरसकट लिहिलं तर तेही खोटंच. मनातल्या मनात वस्तू फिरवण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी वर येते आणि हा निष्कर्ष अनेक देशांत, अनेक दशकं टिकलेला आहे. औषधांचे डोस ठरवताना स्त्रियांच्या शरीराकडे दुर्लक्ष झालं, त्याचे परिणाम बायकांनीच भोगले. फरक असेल तिथे तो सांगायलाच हवा.

सरासरी
शिरपूरकर भाऊ, मान्य. पण ‘आहे की नाही’ यापुढे जाऊन ‘किती’ विचारायला हवं. दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाने) भागला की प्रभाव-आकार मिळतो.

हाइड आणि लिन यांनी १९८८ मध्ये भाषिक क्षमतेचे १६५ अभ्यास एकत्र केले. स्त्रियांच्या बाजूने आकार निघाला ०.११. म्हणजे डोळे मिटून एक स्त्री आणि एक पुरुष निवडला, तर १०० पैकी सुमारे ५३ वेळा स्त्री वरचढ आणि ४७ वेळा पुरुष. मनातल्या फिरवण्यात, वेळ बांधलेली असेल तर, आकार ०.९ च्या आसपास जातो. तिथे १०० पैकी सुमारे ७४ वेळा पुरुष पुढे, २६ वेळा स्त्री. ०.९ ला मोठा फरक म्हणतात, तरी दोन्ही गटांचे आलेख ६५ टक्के एकमेकांवर पडलेले असतात.

आता तुमचा वर्ग. पाचात चार वेळा फरक हाती लागावा अशी खात्री हवी, तर दर गटात किती माणसं लागतील? १५.७ भागिले प्रभाव-आकाराचा वर्ग. ०.९ साठी २०. ०.१ साठी जवळपास १५७०! ३०-३० च्या वर्गात साधारण ०.७ पेक्षा मोठाच फरक भरवशाने दिसेल. भाषेच्या चाचणीत मुली पुढे आल्या काय किंवा मुलं पुढे आली काय, तो योगायोग असण्याची शक्यता मोठी. १९-१९ जणांच्या प्रयोगाकडेही याच नजरेने बघायला हवं.

चुंबकनळी
एमआरआयच्या बाजूने लिहितो. लाल ठिपका म्हणजे विचार नव्हे, ते रक्त आहे. पेशी कामाला लागल्या की तिथे ताजं रक्त गरजेपेक्षा जास्त येतं, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन कमी होतं आणि सिग्नल वाढतो, तोही जेमतेम १ ते ३ टक्के. शिखर ५-६ सेकंदांनी येतं. म्हणून ३० सेकंद काम, ३० सेकंद आराम अशी आवर्तनं करून सरासरी काढावी लागते.

बिघडतं कुठे?

पहिलं, हालचाल. मोठ्याने बोललं की जबडा हलतो आणि कपाळामागच्या भागातच खोटा सिग्नल येतो. म्हणून ‘मनात शब्द म्हणा’ सांगतात. मग माणसाने खरंच म्हटले की झोप काढली, हे कळत नाही. उत्तराला बटण दिलं तर निदान ती तपासणी होते.

दुसरं, उंबरठा, म्हणजे किती जोराचा सिग्नल ठिपका मानायचा ती मर्यादा. डावीकडचे ठिपके वजा उजवीकडचे, भागिले दोघांची बेरीज, हा निर्देशांक +०.२ च्या वर गेला तर ‘डावा’, −०.२ च्या खाली गेला तर ‘उजवा’, मध्ये असेल तर ‘दोन्हीकडे’. उंबरठा कडक ठेवला की फक्त जोरदार ठिपके उरतात आणि सगळेच ‘डावे’ दिसतात. सैल केला की तीच माणसं ‘दोन्हीकडची’ होतात. एका उंबरठ्यावरचं चित्र दाखवणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तिसरं, हजारो ठिकाणी एकाच वेळी फरक शोधला की काहीतरी चमकतंच. २००९ मध्ये बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सामन माशाला माणसांचे फोटो दाखवून स्कॅन केलं, आणि अशा योगायोगांची दुरुस्ती न करता हिशेब केल्यावर माशाच्या मेंदूतही ‘क्रिया’ दिसली. दुरुस्ती केल्यावर ती गेली.

चौथं आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं: रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण. निरोगी पुरुषात ते साधारण ४५ टक्के, स्त्रीत ४० च्या आसपास. लाल पेशी जास्त असतील तर हा सिग्नल जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयात होते. हिमोग्लोबिन न तपासता स्त्री-पुरुषांचे स्कॅन शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक मेंदूचा की रक्ताचा? वाटणीचा निर्देशांक गुणोत्तर असल्याने थोडा वाचतो, पण सिग्नलच क्षीण असेल तर गुणोत्तरही डगमगतं.

तोरणमाळ
चुंबकनळी भाऊंच्या चौथ्या मुद्द्याला जोड. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. त्यात मेंदूचा रक्तप्रवाह मुळातच वाढलेला असतो, त्यामुळे काम दिल्यावर आणखी वाढायला जागा कमी राहते. अशा मुलाचं स्कॅन फिकट आलं म्हणून त्याचा मेंदू कमी चालतो, असं म्हणणं म्हणजे अन्याय.

खापर
चुंबकनळी भाऊ, स्कॅनच्या वेळी मंगळसूत्र, जोडवी काढायला लावतात, ते ठिपक्यांसाठी की सुरक्षेसाठी? चांदी तर चुंबकाला चिकटत नाही.

चुंबकनळी
दोन्हीसाठी, ताई. चांदी-सोनं ओढलं जात नाही, पण बदलत्या क्षेत्रात धातूच्या कड्यात वीज खेळते आणि ते तापू शकतं. केसांच्या पिना मात्र खेचल्या जातात, शिवाय आजूबाजूचं चित्र काळं करतात. दातांच्या तारा असतील तर कपाळामागचा भाग वाकडा दिसतो, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो.

वाचाप्रवाह
आता वर्गातल्या कामाकडे. शेविट्झ यांचं यमकाचं काम तसंच्या तसं मराठीत आणू नका. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं असूनही यमक जुळतं, म्हणून शब्द मनात उच्चारून बघावाच लागतो. देवनागरीत शेवटचं अक्षर आणि मात्रा बघितली की उत्तर डोळ्यांनीच मिळतं. आवाजाची परीक्षा घ्यायला जाल आणि नजरेची होऊन बसेल.

त्याऐवजी आपल्या लिपीचा एक आडवळणी कोपरा वापरा. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. ‘चार’ आणि ‘चारा’, ‘चहा’ आणि ‘चाक’, ‘जहाज’ आणि ‘जाळं’. प्रश्न: दोन्ही शब्दांतलं पहिलं अक्षर सारखं वाजतं का? इथे मनात उच्चारल्याशिवाय सुटका नाही. ४० जोड्या, निम्म्या ‘हो’, निम्म्या ‘नाही’. उच्चार गावागणिक फिरतो, म्हणून आधी दहा जणांकडून यादी मोठ्याने वाचून घ्या आणि ज्या शब्दावर मतभेद होतील तो गाळा.

दुसरं काम, शब्दओघ. ६० सेकंदांत ‘क’ने सुरू होणारे शब्द, मग ‘प’, मग ‘म’. नियम आधी फळ्यावर लिहा: सगळी बाराखडी चालेल, माणसांची आणि गावांची नावं नाहीत, ‘कर, करतो, करणार’ हा एकच शब्द. यात स्त्रियांची सरासरी किंचित वर असते, पण शिक्षणाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा.

तोरणमाळ
आणि भाषेचाही, ताई. ज्या पोराच्या घरी पावरी आहे, त्याला मराठीतच शब्द मोजायला लावले तर तो मागे पडणारच. अहिराणी, पावरी, गुजरी, ज्या बोलीतला शब्द येईल तो मोजा. मोजायला त्या बोलीचं एक मूल शेजारी बसवा. नाहीतर घरची बोली कोणती, हा फरक ‘मुलगा-मुलगी’च्या खात्यावर चढेल.

एरंडोलकर
भो, हाई बात खरी शे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा नव्हे, डोया. केळी नव्हे, केयी. सूचना लिहितानाही ‘डोयासमोर’ लिहा, पोरं लगेच खुलतात.

वाचाप्रवाह
छान मुद्दा. तिसरं काम हेडफोनचं. डाव्या कानात ‘बा’ आणि त्याच क्षणी उजव्या कानात ‘का’. बहुतेकांना उजव्या कानातला आवाज जास्त वेळा पकडता येतो, कारण उजव्या कानाची मुख्य वाट डाव्या मेंदूकडे जाते. डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये ही पद्धत भाषेच्या बाजूसाठी वापरली.

कृती: पा ता का बा दा गा ही सहा अक्षरं एकाच व्यक्तीच्या आवाजात, एका पट्टीत, प्रत्येकी साधारण ४०० मिलिसेकंद. सहा गुणिले सहा अशा ३६ जोड्या. त्यातल्या ६ जोड्यांत दोन्ही कानांत एकच अक्षर, ती लक्ष तपासायला. दर ४ सेकंदांनी एक जोडी, म्हणजे सुमारे अडीच मिनिटं. मग हेडफोन उलटा घालून पुन्हा तेच.

इथे मराठीत एक खड्डा आहे. आपल्या ‘बा’मध्ये ओठ उघडण्याआधी गळ्यात साधारण १०० मिलिसेकंद घुमणं सुरू असतं, ‘पा’मध्ये नसतं. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही तुकडे सुरुवातीपासून जुळवले, तर ‘बा’चा फुटणारा क्षण मागे पडतो आणि निकाल कानाचा न राहता जुळणीचा होतो. लहरीत जिथे ओठ सुटल्याचा टोकदार उंचवटा दिसतो, तिथे दोन्ही जुळवा. दुसऱ्या भाषेतल्या तयार फिती वापरू नका, त्यांचा ‘पा’ आपल्याला ‘फा’कडे झुकलेला ऐकू येतो.

आणखी तीन गोष्टी. मोबाइलवर ‘मोनो’ (दोन्ही कानांत एकच आवाज) ही सेटिंग बंद हवी. ब्लूटूथ नको, तार हवी. सर्दीने एक कान बंद असलेल्या मुलाला त्या दिवशी वगळा, दोन कानांत १० डेसिबलचा फरकही उत्तर फिरवतो.

गिरणाकाठ
डावखुरी मुलं वेगळी काढू का?

वाचाप्रवाह
काढू नका, नोंद ठेवा. क्नेख्ट यांनी २००० साली रक्तप्रवाह मोजून दाखवलं की पक्क्या उजव्या हाताच्या लोकांत ४ टक्क्यांची भाषा उजवीकडे असते, दोन्ही हात चालवणाऱ्यांत १५ टक्के, पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के. म्हणजे हाताचा फरक लिंगाच्या फरकाहून ठळक. पोस्टरवर चित्रच हवं असेल, तर हे घ्या.

काटकोन
मनातल्या फिरवण्याकडे येतो. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये १० घनांच्या वाकड्या आकृत्या दाखवल्या. जितका कोन जास्त तितका वेळ जास्त, तोही सरळ रेषेत, सेकंदाला साधारण ६० अंश. मन वस्तू जणू हातात धरून फिरवतं!

सुताराकडून १ इंची १०० घन कापून घ्या. पाच आकृत्या आणि त्यांच्या पाच आरसा-प्रतिमा, प्रत्येकी १० घन. प्रत्येक आकृतीला तीन कोपरे हवेत. सगळे घन एकाच पातळीत बसले तर आरसा-प्रतिमा फिरवून मूळावर बसते आणि प्रश्नच संपतो. घनांना तेल-पॉलिश नको, चमक आली की कड हरवते. कॅमेरा आणि दिवा एकाच जागी ठेवून आकृती फिरवत फोटो काढा. सावली हलली तर मुलं सावलीवरून उत्तर शोधतात.

२४ प्रश्न. डावीकडे एक मूळ, उजवीकडे चार पर्याय, त्यातले दोन बरोबर. दोन्ही बरोबर आले तरच १ गुण. १२ प्रश्नांना ३ मिनिटं, ४ मिनिटं विसावा, पुन्हा १२ ला ३ मिनिटं. सुरुवातीला ४ सरावाचे प्रश्न ठोकळे हातात देऊन सोडवून घ्या, नाहीतर निम्मा वर्ग सूचनेतच अडकतो.

सरासरी
काटकोन, इथे मी एक फेरफार सुचवेन. निम्म्या मुली आणि निम्म्या मुलांना वेळेची मर्यादा ठेवा, उरलेल्यांना ठेवू नका. वेळ आवळली की फरक वाढतो आणि सैल केली की कमी होतो, हे व्होयर यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं आहे. म्हणजे जे मोजलं जातं त्यात ‘फिरवता येतं का’ यासोबत ‘किती घाईने ठरवतो’ हेही असतं. दर गटात १५ मुलं कमीच आहेत, पण वेळेचं वजन मुलांच्या डोळ्यांसमोर तरी येईल. सुटलेले आणि चुकलेले प्रश्न वेगवेगळे मोजा. गुण सारखे असले तरी एकाने सगळे घाईत टिपलेले असतात, दुसऱ्याने निम्मे सोडवून सगळे बरोबर आणलेले असतात.

आणि चाचणीआधी ‘यात मुलं पुढे असतात’ हे अवाक्षरही नको.

शिरपूरकर
हे पटलं. सरावाचा मुद्दाही यात येतो. २००७ मध्ये फेंग, स्पेन्स आणि प्रॅट यांनी १० तास धावपळीचा व्हिडिओ गेम खेळायला लावला, आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर घटलं. फरक आहे यावर मी ठाम आहे. तो दगडावरची रेघ आहे असं मात्र म्हणणार नाही.

खापर
सरावावरून सुचलं. आपल्याकडे मांडे करताना बाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत पसरत नेते आणि उलट्या खापरावर टाकते. कडा कुठे जाड आहे हे बघण्याआधी मनगटाला कळतं. ‘मांडा मनात फिरवा’ असा प्रश्न दिला तर मुली पुढे जातील. पण ते डोळ्यांपुढचं चित्र की हाताची आठवण?

वाचाप्रवाह
खापर ताई, नेमका प्रश्न! मांड्याच्या कल्पनेत हालचालीची तयारी करणारे भाग जास्त चालतात, ठोकळ्यांत माथ्याजवळचा भाग, आणि चेहरा आठवताना कानशिलाखालचा. ‘मनातलं चित्र’ ही एकच गोष्ट नाही. म्हणून ‘कुणाची कल्पनाशक्ती चांगली’ हा प्रश्नच चुकीचा बसतो. रंग-पोत लख्ख दिसणं वेगळं, आकार फिरवता येणं वेगळं. स्वतःच्या चित्रांचा लख्खपणा स्त्रिया सरासरीने किंचित जास्त सांगतात, ठोकळ्यांत पुरुष पुढे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

२०१० मध्ये झेमन यांच्या गटाने एका निवृत्त इमारत-सर्वेक्षकाची नोंद छापली. हृदयाच्या उपचारानंतर त्याच्या मनातली चित्रं पार विझली होती, तरी ठोकळ्यांचे प्रश्न तो बरोबर सोडवत होता, फक्त वेगळ्या रीतीने.

काटकोन
मग लख्खपणाची प्रश्नावलीही ठेवा. डेव्हिड मार्क्स यांची १९७३ ची, १६ प्रश्न, चार दृश्यं: ओळखीचा चेहरा, उगवता सूर्य, नेहमीचं दुकान, डोंगर-झाडं-तळं. पाच पायऱ्या. मूळ रचनेत १ म्हणजे अगदी लख्ख आणि ५ म्हणजे काहीच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत हे उलटं आहे. दोन्ही मिसळलं की निकाल डोक्यावर उभा राहतो, म्हणून प्रत्येक पानावर पट्टी छापा.

तोरणमाळ
चौथ्या दृश्याला तोरणमाळचं यशवंत तलाव घ्या! डोंगर, झाडं, पाणी, सगळं एका जागी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना आपापल्या गावाजवळचं धरण घेऊ द्या. न पाहिलेल्या जागेचं चित्र मागितलं तर आपण आठवणीऐवजी रचना मोजू.

गिरणाकाठ
मनापासून आभार. पोस्टर बदललं. आता वाक्य असं: ‘बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, स्त्री असो वा पुरुष.’ खाली हाताच्या पसंतीचे ४, १५ आणि २७ टक्के, आणि ठोकळ्यांचे एकमेकांवर पडलेले दोन आलेख, ६५ टक्के भाग रंगवून. कागदांवर नावाऐवजी क्रमांक. एकच शंका: लख्खपणाच्या प्रश्नावलीत एखाद्या मुलाने सगळीकडे ‘काहीच दिसत नाही’ लिहिलं तर काय सांगायचं?

वाचाप्रवाह
६० मुलांत असं एखादं निघू शकतं. त्याला झेमन यांनीच २०१५ मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव दिलं. आजार नाही, उपचार नाही, आणि अशी माणसं अभ्यासात, चित्रकलेतसुद्धा नीट चालतात. वर्गासमोर कागद वाचू नका. तास संपल्यावर बाजूला बोलवा आणि विचारा, ‘घरापासून शाळेपर्यंतची वाट तू कशी आठवतोस?’ तो सांगेल ती रीत लिहून ठेवा. ती इथे टाकलीत तर सगळ्यांना वाचायची आहे.